पिट वॉलवरचा फाउस्तो ग्रेसिनी

माझा भाचा मोटोजीपीतल्या, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वांत वरच्या वर्गातल्या, मार्क मार्केझचा भक्त. 2024 मध्ये मार्केझ होंडाचा भलामोठा करार वर्षभर आधी सोडून ग्रेसिनी टीमकडे आला, तेव्हा या पोराने 'ग्रेसिनी' हे नाव पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या वर्षी मार्केझ डुकाटीच्या फॅक्टरी टीममध्ये (म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टीममध्ये) गेला आणि जगज्जेता झाला, म्हणून भाच्याच्या लेखी ग्रेसिनी म्हणजे मधला थांबा. "मावशी, बी टीम आहे ती. मोटोजीपीचं टायटल कधी जिंकलंय का त्यांनी?"

नाही जिंकलं. पण चहाच्या कपावर संपणारं उत्तर नाही ते, म्हणून इथे लिहिते आहे.

ज्याच्या नावाने ही टीम, तो फाउस्तो ग्रेसिनी 1961 चा, इमोलाचा. एमिलिया-रोमान्या हा इटलीचा असा पट्टा आहे, जिथे फेरारी, लॅम्बोर्गिनी, डुकाटी सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. बाईक रेसिंगमध्ये तो कायम 125 सीसीचा माणूस राहिला. छोटी मशीन, हलके रायडर, अर्ध्या सेकंदात दहा जण. 1985 मध्ये गारेल्ली कंपनीच्या बाईकवर पहिलं जगज्जेतेपद. 1986 मध्ये त्याच टीममधला लुका कादालोरा पुढे गेला, ग्रेसिनी दुसरा. आणि मग 1987.

त्या वर्षी 125 च्या अकरा शर्यती होत्या. ग्रेसिनीने ओळीने दहा जिंकल्या. अकरावी स्पेनमध्ये, हारामाला. टायटल केव्हाच खिशात होतं, सुखाने दुसरा-तिसरा आला असता तरी कुणी विचारलं नसतं. तो पडला. मला हे वाचलं तेव्हा फार आवडलं होतं, कारण यावरून माणूस कळतो. जिंकून झालेल्या सीझनच्या शेवटच्या शर्यतीतही हा पडेल इतक्या जोरात चालवत होता.

लगेच पुढच्या वर्षी नियम बदलला. 1988 पासून 125 मध्ये फक्त एक सिलिंडर. गारेल्लीचं जिंकणारं इंजिन दोन सिलिंडरचं होतं, एका रात्रीत ते म्युझियममध्ये ठेवण्याच्या लायकीचं झालं. रायडर तोच, हात तेच, ब्रेकिंग तेच, पण 1988 मध्ये टायटल नेलं डर्बी कंपनीच्या बाईकवरच्या होर्हे मार्टिनेझ 'अस्पार'ने. (गंमत म्हणजे हा अस्पारही पुढे टीम मालक झाला, आणि आपल्या महिंद्राची मोटो3 (म्हणजे सर्वांत छोट्या वर्गाची) बाईक त्याच्या टीमने पळवली. 2016 ला असेनला पेक्को बान्याइयाने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला तो अस्पारच्या टीममधूनच. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

ग्रेसिनी पुढे होंडावर आला. तिथे त्याच्या शेजारी सतरा वर्षांचं एक पोरगं होतं, लोरिस कापिरोस्सी. 1990 ची शेवटची शर्यत फिलिप आयलंडला. इटालियन मंडळींनी मिळून डच रायडर हान्स स्पानची वाट अडवली आणि कापिरोस्सीला पुढे काढलं, असं तेव्हा उघड बोललं गेलं. त्यात ग्रेसिनी होता. कापिरोस्सी सतराव्या वर्षी जगज्जेता झाला. 1991 मध्ये त्याच पोराने ग्रेसिनीला मागे टाकून पुन्हा टायटल घेतलं. 1992 मध्ये ग्रेसिनी परत दुसरा. 1994 नंतर त्याने रेसिंग थांबवलं. एकवीस ग्रां प्री विजय, सगळे 125 मधले.

इथपर्यंतचा ग्रेसिनी चांगला, पण असे चॅम्पियन बरेच आहेत. माझा ग्रेसिनी 1997 ला सुरू होतो. त्या वर्षी त्याने स्वतःची टीम काढली आणि ब्राझीलच्या आलेक्स बारोसला घेऊन थेट 500 सीसीत उतरला. जो माणूस स्वतः त्या वर्गात कधी उतरला नाही, त्याने मोठ्या वर्गात दुकान मांडलं. 1999 मध्ये 250 साठी त्याने रायडर घेतला तो कापिरोस्सी! ज्याने टायटल हिसकावलं त्यालाच पगारावर ठेवायला मन केवढं लागत असेल, की हिशोबीपणा लागत असेल, मला ठरवता येत नाही.

भाच्याला 'बी टीम' वाटते, ती गोष्ट आमच्या भोसरीतल्या कुणालाही चटकन कळेल. आमचं जॉबवर्कचं युनिट आहे. ड्रॉइंग मोठ्या कंपनीचं, मटेरियल तिचं, इन्स्पेक्शन तिचं. आम्ही मशीनिंग करून देतो. पार्ट चांगला निघाला तर गाडीवर नाव तिचं, रिजेक्ट झाला तर डेबिट नोट आमच्या नावाने. सॅटेलाइट टीमचं असंच असतं. बाईक होंडाची किंवा डुकाटीची, भाड्याने घेतलेली. बहुतेक वेळा गेल्या वर्षीची. नवा पार्ट आधी फॅक्टरीच्या बॉक्समध्ये (गॅरेजमध्ये) जाणार, उरला तर तुमच्याकडे. स्पॉन्सर तुम्ही शोधायचे, मेकॅनिकचे पगार तुम्ही द्यायचे, आणि तुमचा रायडर फारच चांगला निघाला की फॅक्टरी येऊन त्याला घेऊन जाणार. हे सगळं माहीत असूनही दर वर्षी करार करायचा. ग्रेसिनीने ते वर्षानुवर्षं केलं.

2000 मध्ये त्याच्याकडे जपानचा दाइजिरो कातो आला. 2001 मध्ये कातोने 250 चं टायटल घेतलं, एका सीझनमध्ये अकरा विजय. 2002 मध्ये दोघेही मोटोजीपीत (500 सीसीच्या वर्गाचं हे नवं नाव) आले. होंडाला जपानी जगज्जेता हवा होता आणि सगळ्यांना वाटत होतं, हाच तो. 6 एप्रिल 2003, सीझनची पहिलीच शर्यत, सुझुका, कातोच्या घरचं मैदान. तिसऱ्या लॅपला शिकेनपाशी, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या लागोपाठच्या वळणांपाशी, तो भिंतीवर आदळला. दोन आठवडे कोमात होता, 20 एप्रिलला गेला. मोटोजीपी त्यानंतर सुझुकाला परत गेली नाही.

पुढची शर्यत 27 एप्रिलला, दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला. म्हणजे कातो गेल्यावर बरोबर एक आठवड्याने. ग्रेसिनीची टीम तिथे हजर होती. त्याच वर्षी सुझुकीकडून आलेला सेते जिबेर्नाउ, कातोचा जोडीदार, त्याने पोल (सर्वांत पुढून सुटण्याची जागा) घेतली आणि तेव्हाचा जगज्जेता वालेंतिनो रॉसी याला मागे ठेवून शर्यत जिंकली. 74 हा कातोचा नंबर तेव्हापासून कुणी वापरत नाही.

ती शर्यत मी तेव्हा पाहिलेली नाही, नंतर यूट्यूबवर पाहिली. जिबेर्नाउ सगळ्यांना दिसतो, आभाळाकडे बोट करणारा. मी मात्र ती क्लिप बघताना दर वेळी पिट वॉलवरच्या, म्हणजे ट्रॅकच्या कडेला टीमच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या, ग्रेसिनीकडे बघते. रायडरला निदान पंचेचाळीस मिनिटं काम असतं. ब्रेक कुठे मारायचा, रॉसी किती मागे आहे, टायर किती उरलाय. त्या तेवढ्या वेळात त्याला दुसरा विचार करायला जागा नसते. पिट वॉलवर उभ्या असलेल्या माणसाने हातात काय धरायचं? ज्याला स्वतः दहा शर्यती ओळीने जिंकता येत होत्या, त्याला आता थ्रॉटलही नाही आणि ब्रेकही नाही. फक्त पडदा आणि पिट बोर्ड.

पुढे कातोसाठी आलेलं होंडाचं फॅक्टरी स्पेसिफिकेशनचं मशीन जिबेर्नाउकडे आलं, आणि सॅटेलाइट टीमचा हा रायडर 2003 आणि 2004 दोन्ही वर्षी रॉसीच्या पाठोपाठ जगात दुसरा आला. मी नियमित बघायला लागले ती याच काळात. दादाकडे आरएक्स 100 होती आणि रविवारी टीव्हीचा रिमोटही दादाकडेच असायचा, तेव्हा निवड नव्हतीच. दादा रॉसीचा, म्हणून मी जिबेर्नाउची. 2005 च्या हेरेझला शेवटच्या वळणावर रॉसी आतून घुसला, जिबेर्नाउ खडीत गेला, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. जिबेर्नाउ त्यानंतर एकही शर्यत जिंकला नाही. त्या वर्षी ग्रेसिनीचाच दुसरा रायडर, मार्को मेलांद्री, रॉसीच्या मागे दुसरा आला. सलग तीन वर्षं दुसरा नंबर, भाड्याच्या बाईकवर.

आणि 2006 चं एस्टोरिल! भाच्यासाठी हे मुद्दाम लिहिते. ग्रेसिनीच्या टोनी एलियासने पोर्तुगालला रॉसीला हरवलं, 0.002 सेकंदाने. फोटो फिनिश बघूनही कळत नाही कोण पुढे आहे. एलियासच्या आयुष्यातला मोटोजीपीतला तो एकमेव विजय. सीझन संपला तेव्हा निकी हेडन 252, रॉसी 247. पहिल्याला 25 गुण आणि दुसऱ्याला 20. एस्टोरिलला ते दोन सहस्रांश रॉसीच्या बाजूने पडले असते तर गुण समसमान झाले असते आणि जास्त विजयांवर टायटल रॉसीचं. त्या वर्षीचा जगज्जेता कोण, हे 'बी टीम'च्या बॉक्समध्ये ठरलं. दादा अजून एलियासचं नाव काढलं की विषय बदलतो.

2010 मध्ये मोटोजीपीच्या खालोखालचा मोटो2 हा वर्ग सुरू झाला आणि त्याचा पहिला जगज्जेता हाच एलियास, टीम ग्रेसिनी. त्याच वर्षी मोटोजीपीत ग्रेसिनीकडे आला मार्को सिमोन्चेल्ली.

सिमोन्चेल्लीबद्दल मला तटस्थपणे लिहिता येत नाही. उंच, डोक्यावर केसांचं जंगल, 250 चा 2008 चा जगज्जेता. 2011 मध्ये ल मान्सला त्याच्याशी झालेल्या धडकेत दानी पेड्रोसा या रायडरचं कॉलरबोन मोडलं, निम्मे रायडर त्याच्यावर खार खाऊन होते. चुकायचाही तसाच आणि वेगही तसाच. दोन पोल, ब्रनोला तिसरा, फिलिप आयलंडला दुसरा. तो दुसरा नंबर 16 ऑक्टोबरचा. 23 ऑक्टोबरला मलेशियातलं सेपांग.

दिवाळी तोंडावर आलेली. दुपारची वेळ, सासूबाई हॉलमध्येच पेपरवर चकल्या पाडत बसलेल्या, कारण स्वयंपाकघरात उकडत होतं. दुसऱ्याच लॅपला तो पडला, बाईकबरोबर घसरत ट्रॅकच्या आत आला आणि मागून येणाऱ्या एडवर्ड्स आणि रॉसीला चुकवायला जागाच राहिली नाही. शर्यत थांबवली, मग रद्द केली. चोवीस वर्षांचा होता.

सासूबाईंना रेसिंगमधलं काही कळत नव्हतं. पण त्या बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "याचा साहेब कोण गं? तो आता त्या पोराच्या आईबापाला काय सांगणार?"

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. साहेब म्हणजे ग्रेसिनी. आणि त्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत होतं, आठ वर्षांत. त्याने पुढच्या वर्षी टीम पुन्हा उभी केली. हे धैर्य की निबरपणा, यावर माझे आणि नवऱ्याचे वाद झालेत. नवरा म्हणतो, घरी चाळीस माणसांचे पगार असतील तर शोक करायला सोमवार पुरतो. मला ते पटतं आणि पटत नाही. इतकं मात्र खरं की सिमोन्चेल्लीचे वडील पाओलो यांनीही रेसिंगचं जग सोडलं नाही. मुलाच्या नावाने, त्याच्या 58 नंबरने त्यांनी स्वतःची टीम काढली आणि मोटो3 मध्ये दुसऱ्यांची पोरं पळवायला लागले. आईबापच परत येत असतील तर साहेबाला आपण कुठल्या तोंडाने विचारणार?

त्यानंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण ती खरोखर रुक्ष होती. 2015 पासून ग्रेसिनीने एप्रिलियाची टीम चालवली. मशीन मागे, निकाल त्याहून मागे. मोटोजीपीत एकही पोडियम (पहिल्या तिघांतला नंबर) नाही. ज्या दिवशी एप्रिलियाला पहिला पोडियम मिळाला, ऑगस्ट 2021, सिल्व्हरस्टोन, तेव्हा फाउस्तो नव्हता.

पण याच काळात छोट्या वर्गात त्याने काय केलं ते बघा. 2014 मध्ये एनेआ बास्तियानिनी नावाचं सोळा वर्षांचं पोरगं मोटो3 मध्ये आणलं. पुढच्या वर्षी मिसानोला त्याचा पहिला विजय. मग फाबिओ दि जानान्तोनिओ. मग होर्हे मार्टिन. 2018 च्या मोटो3 मध्ये मार्टिन पहिला आणि दि जानान्तोनिओ दुसरा, दोघेही ग्रेसिनीचे. आज मोटोजीपी लावली की बरीच नावं कुठे ना कुठे या बॉक्समधून गेलेली दिसतात. आम्ही 2023 ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला गेलो होतो, भारतातली पहिली मोटोजीपी. उकाडा असा की रविवारची शर्यत 24 वरून 21 लॅपची करावी लागली. बेझेक्की जिंकला, आणि दुसरा आलेला मार्टिन बाईकवरून उतरल्यावर कोसळला, पाणी पाणी करत. मी उत्साहाने शेजारच्या लोकांना सांगत होते की हा ग्रेसिनीचा मुलगा. त्यांना वाटलं, आडनाव ग्रेसिनी असेल. ग्रेसिनीच्या त्या वर्षीच्या आकाशी बाईकपैकी एक तर रविवारी सुटलीच नाही. आलेक्स मार्केझच्या शनिवारी बरगड्या मोडल्या होत्या.

फाउस्तोला कोविड झाला 2020 च्या डिसेंबरमध्ये. दोन महिने बोलोन्याच्या हॉस्पिटलात. 22 फेब्रुवारीला तो गेल्याची बातमी पसरली आणि घरच्यांना ती नाकारावी लागली. दुसऱ्या दिवशी, 23 फेब्रुवारी 2021 ला, ती खरी झाली. साठ वर्षांचा होता. इकडे त्याच आठवड्यात अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला होता आणि आमच्या व्हॉट्सॲपवर 'बेड आहे का' सुरू व्हायचं होतं. त्यामुळे त्या खोट्या बातमीच्या एका दिवसाचा अर्थ मला त्यानंतर दोन महिन्यांनी जास्त कळला.

2022 पासून एप्रिलिया सोडून पुन्हा स्वतंत्र टीम करायची, हे त्याचं ठरलं होतं. दि जानान्तोनिओला शब्द देऊन झाला होता. पण बाकी सगळं अर्धवट. त्याची बायको, नादिया पादोवानी, हिने टीम हातात घेतली. लोकांना वाटलं विकेल. तिने डुकाटीशी करार केला, गेल्या वर्षीची मशीन घेतली आणि त्यावर बसवलं कुणाला? बास्तियानिनीला. फाउस्तोने सोळाव्या वर्षी उचललेलं पोर, आता मोटोजीपीत.

6 मार्च 2022, कतार, सीझनची पहिली शर्यत. बास्तियानिनी शेवटच्या काही लॅपमध्ये पुढे गेला आणि जिंकला. मी रडले हे लिहायला मला लाज वाटत नाही. नादिया तर रडतच होती. त्या सीझनमध्ये बास्तियानिनीने चार शर्यती जिंकल्या आणि जगात तिसरा आला, जुन्या बाईकवर. मग अर्थातच फॅक्टरी त्याला घेऊन गेली. 2023 मध्ये कतारलाच दि जानान्तोनिओ जिंकला, तोही नंतर दुसरीकडे गेला.

आणि मग भाच्याचा मार्केझ. हात चार वेळा कापून शिवलेला, होंडावर उमेद संपलेली. 2024 मध्ये तो या बॉक्समध्ये आला ते भाऊ आलेक्स तिथे होता म्हणून, आणि स्वतःला अजून जमतंय का हे बघायला. 1 सप्टेंबरला आरागॉनला तो जिंकला. आधीच्या विजयाला 1,043 दिवस झाले होते. पुढच्याच रविवारी मिसानो, मग फिलिप आयलंड. जगात तिसरा. फॅक्टरीने त्याला नेलं आणि नादियाच्या बॉक्समधली ती जागा पुन्हा रिकामी झाली. फर्मिन आल्देगेर नावाचा पोरगा आला. त्याने 2025 मध्ये इंडोनेशियाला शर्यत जिंकली, आणि आलेक्स मार्केझ तीन शर्यती जिंकून जगात दुसरा आला. पहिला त्याचाच भाऊ.

म्हणजे मोठ्या वर्गात ग्रेसिनीचा दुसरा नंबर आता चार वेळा: 2003, 2004, 2005, 2025.  2026 साठी डुकाटीने आलेक्सला फॅक्टरी स्पेकची त्याच वर्षाची बाईक द्यायचं कबूल केलं. नादियाने ते कसं मिळवलं असेल, किती मीटिंगा घेतल्या असतील, याची मला जास्त उत्सुकता आहे. आल्देगेरला मात्र गेल्या वर्षीचीच.